पांढरी कॅप्सूल

मुलुंड,
सोमवार

प्रिय विकी,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू हसशील. ताईनं कागदावर पत्र लिहिलं म्हणजे ताईचं डोकं फिरलं, असं घरी नीलमला सांगशीलही. फिरलेलं नाही. फोनवर तू मला चौथ्या वाक्याला तोडतोस आणि पॉझिटिव्ह राहायला सांगतोस. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर पहिल्या दोन ओळी वाचून हात जोडल्याचं चित्र पाठवतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. मुलुंडहून बोरिवलीला कुरिअर दुसऱ्या दिवशी पोचतं असं आमच्या ऑफिसातली जान्हवी म्हणाली, म्हणजे बुधवारच्या आत तुझ्या हातात पडेल. एका जागी बसून शेवटपर्यंत वाच. मला एका जागी अर्धा तास बसता येत नाही, तुला येतं, तेवढं माझ्यासाठी कर.

आधी घरची खबर. अनिरुद्ध मजेत आहे, त्याची बदली यंदाही टळली. मी आहे तशी आहे. माझा आजार तुला माहीत आहे असं तू सगळ्यांना सांगतोस, पण तुला तो माहीत नाही. तुला वाटतं ताईला सारखं 'युरिन इन्फेक्शन' होतं. अकरा वर्षं झाली, माझ्या एकाही तपासणीत जंतू सापडलेला नाही. मूत्राशयाचं आतलं अस्तर दुखावलेलं आहे आणि ते कायम दुखावलेलंच राहणार, असं डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आंबट, तिखट, चहा, टोमॅटो, काहीही खाल्लं की आत मीठ चोळल्यासारखं होतं. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर बायकांचं स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे हे मी झोपेतही सांगेन. ऑफिसात माझी खुर्ची त्या दाराशेजारी आहे. साहेबांना वाटतं मला वाऱ्याची आवड आहे.

अशा माणसाला गोळी निवडणं म्हणजे काय असतं ते आज तुला सांगते, कारण तू गोळ्या विकतोस आणि तुला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. मी आधी बाटली उलटी करते. पुढच्या बाजूला हसरी बाई आणि हिरवं पान असतं, त्याचा उपयोग नाही. मागं बारीक अक्षरात काय काय आणि किती किती घातलंय ते लिहिलेलं असतं. 'खास मिश्रण' असं लिहून एकच आकडा दिला असेल तर बाटली परत ठेवते, कारण त्या मिश्रणात कशाचं किती ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. साधं क जीवनसत्त्व, सायट्रिक आम्ल, मिरीचा अर्क, गोडवा आणणारी रसायनं, यातलं एकही असलं तरी परत. मग कंपनीला ईमेल करून त्या बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागते. दोन कंपन्यांनी उत्तर दिलं नाही. एकीनं दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. चौथीनं अहवाल पाठवला, तो मी डॉक्टरांना दाखवला, आणि मग एका वेळी एकच नवी गोष्ट, तीन आठवडे, रोज वहीत नोंद. अशी मला सुकवलेल्या कोरफडीच्या गराची कॅप्सूल सापडली. तिनं मी बरी झाले नाही. पण रात्री पाचदा उठायचे ती तीनदा उठू लागले. एवढं मिळवायला मला दीड वर्ष लागलं. तुला तुझ्या मीटिंगमध्ये 'आरोग्य सल्लागार' व्हायला एक शनिवार लागला होता.

माझ्या वाढदिवसाला तू ती मोठी बाटली घेऊन आलास, टाय लावून. मुलुंडला कुणी वाढदिवसाला टाय लावून येत नाही, पण तुला अंधेरीच्या कुठल्याशा हॉटेलात तुमच्या वरच्या साहेबांसमोर उभं राहायचं होतं. मी बाटली उलटी केली. चौदा घटक होते. क्रॅनबेरी, साधं क जीवनसत्त्व, मिरी, आणि तुमचं ते खास मिश्रण. ज्यांना खरोखर जंतू होतात त्यांच्यातल्या कुणाला क्रॅनबेरीनं बरं वाटत असेल. माझ्यासाठी तो आम्लाचा घोट. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की विकी, हे माझ्या आजाराचं नाही. म्हणाले नाही. तुझा चेहरा पाहिला आणि दोन तांबड्या कॅप्सूल तुझ्यासमोर गिळल्या. त्या संध्याकाळी मी न्हाणीघरात काय केलं ते लिहीत नाही. अनिरुद्ध दाराबाहेर उभा होता, त्याला विचार.

आपल्या घरची ही रीत आहे. विकीनं आणलेलं नाकारायचं नाही. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, आणि आत्यानं सगळ्यांना बजावलं होतं की या पोराचं मन मोडायचं नाही. तू नववीत फिनेल बनवून कॅनमध्ये भरून विकायला निघालास, आठवतं? चाळीत कुणी घेतलं नाही. आत्यानं सहा कॅन घेतले, आणि तुला सांगितलं की तिच्या शाळेतल्या बाईंनी मागवले. शाळेत ती शिपाई होती, तिला कोण फिनेल मागवायला सांगणार होतं? घरच्याच फरशीवर रोज ओतायची. तिच्या पावलांना पुरळ उठलं होतं, आणि तू विचारलंस तर उन्हाळा म्हणाली. तुझी पहिली कमाई म्हणून तू जे सांगतोस ना स्टेजवरून, ती ही. तू आयुष्यात कधी अपयशी झाला नाहीस, कारण आम्ही दोघींनी तुला होऊ दिलं नाही. यात तुझी कर्तबगारी फारशी नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या कॅप्सूल मी पाचव्या दिवशी बंद केल्या. पण तू दर रविवारी यायचास, कपाट उघडून बाटली हलवून बघायचास, आणि किती उरल्या ते विचारायचास. म्हणून मी तुझा माल कचऱ्यात टाकला आणि तुझ्या बाटलीत माझ्या कोरफडीच्या कॅप्सूल भरल्या. दीड महिन्यानं तू म्हणालास, ताई, तुझा चेहरा बदललाय. मी हो म्हणाले. मग तू मोबाइल काढलास आणि मी आमच्या ओट्याशी उभी राहून बोलले. अकरा वर्षांचा त्रास, आणि भावानं दिलेल्या या बाटलीनं आराम पडला. बाटली उघडली, कॅप्सूल तळहातावर घेतली, तोंडात टाकली, पाणी प्यायले.

तो व्हिडिओ पुन्हा लाव, विकी. माझ्या तळहातावरची कॅप्सूल पांढरी आहे. तुझा माल तांबडा. मोबाइल तुझ्या हातात होता, तू दोनदा 'जवळून' म्हणालास, जवळून घेतलंसही. ज्या मालाच्या जिवावर तू लोकांच्या घरात शिरतोस त्याचा रंग तुला ओळखता आला नाही. मला त्या क्षणी वाटलं, आता हा विचारेल. तू म्हणालास, झकास, ताई, एकदम नॅचरल आलंय. तेव्हा मला तुझी कीव आली आणि मी गप्प बसले. कीव आली हे तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

पुढचं तू सगळ्यांना सांगतोसच. विहारात वंदना झाल्यावर चहाच्या वेळी तू तो व्हिडिओ भिंतीवर लावलास. मी मागच्या खुर्चीवर बसले होते आणि बायका वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. शिकलेली बाई, ऑफिसात जाते, ती खोटं कशाला बोलेल. त्या दिवशी तुझ्याकडे सात जणींनी नावं दिली. सहा जणींना काय झालं मला माहीत नाही, मी विचारायला गेले नाही, आणि हा माझा भेकडपणा आहे. सातवी आपली आत्या.

आत्याला हाच आजार आहे हे मार्चमध्ये कळलं. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या, आणि चहा सोडायला सांगितला. तू जाऊन सांगितलंस की त्या गोळ्या म्हणजे नुसतं केमिकल, बंद कर, ताई बघ कशी झाली. तिनं बंद केल्या. मला वाटत होतं तिनं नाव नुसतं तुझ्यासाठी दिलंय, आणि ती डॉक्टरांच्या गोळ्यांवर आहे. मी फोन केला की ती म्हणायची बरं आहे, आणि मी मानायचे, कारण मानणं सोपं होतं.

परवा शनिवारी मी न सांगता तिच्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. ती मोरीतल्या पाटावर भिंतीला टेकून बसली होती, लुगडं गुडघ्यांपर्यंत गोळा केलेलं, आणि तोंडात पदराचा बोळा, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून. मोरीत रक्त होतं. थोडंसं होतं, पण होतं. बासष्ट वर्षांची बाई, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळेची घंटा वाजवली, ती आता दर वीस मिनिटांनी उठते, म्हणून तिनं चटईच मोरीशेजारी हलवली आहे. फळीवर तुझी बाटली होती. तिसरी. दोन रिकाम्या तिनं धुऊन डाळ भरायला ठेवल्या होत्या.

मी तिला सगळं सांगितलं. बाटली बदलल्याचं, व्हिडिओचं, तुझा माल मी पाच दिवसही धड घेतला नाही याचं. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पदरानं तोंड पुसत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या हातावर पांढरी होती गं. मला पहिल्याच दिवशी दिसलं."

विहारात, भिंतीवर, पंचवीस माणसांच्या मागून, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी तिला दिसलं. मी विचारलं, मग घेत का राहिलीस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फार बावळट प्रश्न विचारलाय. "दोघींनीबी टाकून दिल्या तर पोरानं काय करावं? एकीनं तर खायला पाहिजे ना."

विकी, मी तुझं मन राखायला कॅप्सूल फेकल्या, आत्यानं तुझं मन राखायला गिळल्या. रोज दोन, पाच महिने. जळतंय हे तिला पहिल्या दिवशी कळलं होतं. तू दर आठवड्याला फोन करून विचारायचास, आणि ती तुला सांगायची की फरक पडतोय रे. तो फरक तू मीटिंगमध्ये सांगायचास आणि टाळ्या पडायच्या. तुझा सगळ्यात निष्ठावान ग्राहक ही बाई आहे, आणि तिला तू रक्त पडेपर्यंत विकलंस. मी तुला मदत केली. माझी शिक्षा मी भोगते आहे आणि भोगेन, पण आपण दोघं सारखे नाही. मी बाटलीची मागची बाजू वाचून खोटं बोलले. तू न वाचता खरं बोललास. कोणतं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी रविवारीच तिला डॉक्टरांकडे नेलं. गुरुवारी तिला भूल देऊन आत दुर्बीण घालून बघणार आहेत. अस्तराला किती इजा झाली ते तेव्हा कळेल, आणि झालेली इजा भरून येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. तिच्याजवळ मी परत जुन्या गोळ्या ठेवल्या आहेत. तिनं त्या घेईन म्हटलं, एका अटीवर, की तुला यातलं काही कळता कामा नये. मी हो म्हटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं. ती शपथ मी या कागदावर मोडते आहे.

मोडायचं कारण काल फॅमिली ग्रुपवर तू टाकलेला मेसेज. गुरुवारी साधी तपासणी आहे एवढंच तिनं तुला सांगितलं, तर तू दवाखान्यात येणार, नवी तीन महिन्यांची पेटी घेऊन, आणि आत्याचा 'आधी आणि नंतर' असा व्हिडिओ करणार. तिनं त्याखाली अंगठा दाखवलाय, तू पाहिलाच असशील. ये, पण पेटी आणू नकोस आणि मोबाइल खिशातून काढू नकोस. तिनं पिशवीत तुझी बाटली भरून घेतली आहे, तू आलास की तुला दिसावी म्हणून. ती तिच्या हातातून काढून घे आणि तुझ्या तोंडानं सांग, 'आत्या, हे तुझ्या आजाराचं नव्हतं.' माझं ती ऐकणार नाही, तुझंच ऐकेल. ती म्हणेल, मला बरं वाटतंय रे, ठेव इथंच. तिचा चेहरा अगदी खरा वाटेल, आवाजही. विश्वास ठेवू नकोस. तुझ्याशी खोटं बोलण्यात तिचा हात धरणारं आपल्या घरात कुणी नाही, मीसुद्धा तिच्याकडूनच शिकले.

तुझीच,
दर्शनाताई