वासापुरती जागा

अण्णा, काल दुपारी मी माझ्या हातानं तुमच्या नातीच्या पेल्यात दारू ओतली. एकदा नाही, तीनदा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी आडवाटेला लागेन आणि नेमकं तेवढंच सोडून देईन, अशी मला धास्ती वाटते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा सत्तेचाळीसचे होता. मी आता तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मोठ्या माणसानं लहानाला घाबरू नये म्हणतात, पण काल टेबलाशी बसल्या बसल्या माझे तळहात ओले झाले होते आणि मी ते पुन्हा पुन्हा पँटला पुसत होतो.

जेवण आमच्या डॉक्टरमित्राकडे होतं. तो पुण्याचा. पंधरा वर्षांपूर्वी इकडे न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थला आलो तेव्हा हॉस्पिटलात माझ्याशी पहिलं मराठी तोच बोलला. तो आणि वहिनी गेल्या वर्षी स्पेनला जाऊन आले, तेव्हापासून तिथल्यासारखं एकदा जेवू या म्हणून मागे लागले होते. तिकडे म्हणे दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत चालतं. एकेक लहान ताटली येते, लोक गप्पा मारतात, आणि प्रत्येक ताटलीबरोबर वेगळी वाइन. कुठल्या पदार्थाला कुठली, हे ठरवायचं काम तुमच्या नातीकडे होतं. ती इथल्या युनिव्हर्सिटीत अन्नाचं शास्त्र शिकली, आणि येत्या शुक्रवारी द्राक्षांच्या हंगामाला एका मळ्यावर कामाला निघाली आहे. ते खायच्या द्राक्षांचे मळे नव्हेत, अण्णा, वाइनच्या द्राक्षांचे. मालकांनी तिची परीक्षा घेतली म्हणे, डोळे बांधून वास ओळखायची. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. तिनं हे घरी सांगितलं तेव्हा तिची आई हसली आणि मी देवघरात जाऊन बसलो.

तुम्ही गुळव्या होता. आमच्या बाजूला पाच गावांत गूळ करताना काहिलीतला उकळता उसाचा रस कधी उतरवायचा हे विचारायला तुमच्याकडे माणूस यायचा. बाकीचे गुळवे थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायचे. तुम्ही काहिलीपासून चार पावलं लांब उभे राहायचा, डोळे मिटलेले, मान जराशी वर, आणि एकदम म्हणायचा, "उतरवा." त्या शब्दासाठी सगळं गुऱ्हाळ थांबलेलं असे. मी शाळेतून परस्पर तिकडे येई, तो शब्द ऐकायला. आणि दुसरी आठवणही ह्याच नाकाची. आईनं सांगितलं म्हणून मी तुमच्या बाटलीतली अर्धी दारू परसात ओतली आणि पाणी भरून ठेवलं. तुम्ही आलात, बाटलीला हातही लावला नाहीत, माझ्याकडे वळून म्हणालात, "हाताला वास यायलाय तुझ्या." मारलं नाहीत. बसलात, आणि ती पाणी घातलेली तशीच पेला काठोकाठ भरून प्यालात. त्या दिवशी मारलं असतंत तर बरं झालं असतं.

डेकवर टेबल मांडलं होतं. समोर डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या, वारा नेहमीसारखा होता, वहिनींनी नॅपकिनांवर जाडजूड काटे ठेवले होते. ऑलिव्ह आले, बटाट्याचं जाड ऑम्लेट आलं, लसणातली कोळंबी आली. माझ्या गळ्यात माळ आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून केशर घातलेला भात माझ्यासाठी निराळ्या कढईत, फरसबी आणि ढोबळ्या मिरचीचा केला होता. डॉक्टर म्हणाला, "तू पीत नाहीस, म्हणजे वाढपी तूच. शुद्धीवरचा माणूस लागतो ह्या कामाला." सगळे हसले. मीही उठलो. गावच्या सप्ताहात मी दहा वर्षं पंगतीला वाढलं आहे, रिकामं दिसलं की हात आपोआप पुढं होतो. मी पहिल्याच पेल्यात ती पांढरी वाइन काठापर्यंत भरली.

"बाबा!" लेक ओरडली. "हे ताक नाहीये!"

"अहो भाऊजी, आता द्रोण पण आणा," वहिनी म्हणाल्या.

लेकीनं माझ्या हातातली बाटली धरून दाखवलं. पेल्याचा तिसरा हिस्सा भरायचा, बस. "वरची जागा रिकामी नाहीये, बाबा. ती वासासाठी असते." इथं वाढलेल्या मुलांसारखी ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते, पण हे तिनं मराठीत सांगितलं. मी मान डोलावली. आपल्या घरात पेल्यात वासापुरती जागा कुणी कधी ठेवली नव्हती, हे मला तेव्हा सुचलं आणि मग काही केल्या मनातून जाईना.

पुढं दीड तास मी तिचा पेला सोडून काही पाहिलं नाही. ती पेला फिरवते, नाक आत घालते, डोळे मिटते, मान जराशी वर करते. अण्णा, ती मान! तिनं तुमचा फोटो पाहिला आहे, फोटोत तुम्ही टोपी घालून ताठ बसला आहात. ही मान तिला कुणी दाखवली? घोट घेऊन ती काहीतरी सांगे, कोळंबीला ही का, ऑम्लेटला ती का, आणि डॉक्टर "वा, वा" करी. थोड्या वेळानं पेला रिकामा. मी काय केलं? पंगतीतल्या सवयीनं भरला. परत रिकामा. परत भरला. तिसऱ्यांदा भरून बाटली खाली ठेवताना मला माझा हात दिसला, आणि तुमच्या काविळीच्या दिवसांत तुमचे डोळे कसे हळदीसारखे झाले होते ते दिसलं. नळकांड्यासारखे पाय आणि फुगलेलं पोट. तिनं चौथ्यांदा पेला पुढं केला तेव्हा मी बाटली छातीशी धरली आणि म्हणालो, "बास आता! किती पिशील?"

मी असा आवाज कधी काढत नाही. बायको ताटलीकडे बघत राहिली. ती नर्स आहे, आणि तुम्ही कशानं गेलात हे त्या टेबलावर माझ्याखेरीज तिलाच ठाऊक होतं. लेकीला आम्ही लहानपणी सांगितलं होतं, आजोबांचं हृदय बंद पडलं. लहान मुलीला सांगायला ते सोपं होतं, आणि मग ती मोठी झाली तरी आम्ही ते तसंच राहू दिलं. रोज औषधांच्या दुकानात गोळ्या देताना मी परक्या माणसांना विचारतो, दारू घेता का, किती घेता, घरात कुणाला त्रास होता का. माझ्या पोरीला तिच्या घराबद्दल मी हे एवढंही सांगितलेलं नाही.

लेक लाल झाली, पण चिडली नाही. तिनं खुर्चीशेजारचा कॉफीचा मोठा कप उचलून माझ्यापुढं धरला. मला वाटत होतं, त्यातून ती मधूनमधून पाणी पिते आहे. कप वाइननं भरला होता. "मी गिळतच नाही, बाबा. थुंकते. सगळे प्रोफेशनल थुंकतात. गिळलं तर नाक जातं."

गिळलं तर नाक जातं. हे वाक्य तुम्ही ऐकायला हवं होतं. त्या शेवटच्या हंगामात तुम्ही काहिलीपाशी उभे होता, डोळे मिटलेले, मान वर, आणि शब्द आलाच नाही. रस काळा पडला, धूर निघाला, आणि गुऱ्हाळवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "गुळव्या, नाक कुठं ठिवून आलास?" घरी येताना वाटेत माझ्या डोक्यावर हात ठेवलात, एवढंच. त्यानंतर तुम्हाला बोलवायला कुणी आलं नाही.

"सॉरी," मी म्हणालो. "स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, आणि समेट म्हणून शेवटच्या बदामाच्या केकबरोबरचा पेला माझ्या नाकाशी धरला. उन्हात मनुका होईपर्यंत वाळवलेल्या द्राक्षांची वाइन, काळीभोर, दाट. "पिऊ नकोस, फक्त वास घे. ह्यात काहीतरी भाजलेलं आहे, मला नाव सापडत नाहीये. तुला माहीत असेल असं वाटतं." मी वास घेतला. अण्णा, ते गुऱ्हाळ होतं. चुलवाणातली धग, चिपाडाचा धूर, तुमचा सदरा, तुम्ही प्यायला लागायच्या आधीचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. "काकवी," मी म्हणालो. "शेवटच्या आधणाची. खाली थोडी लागलेली." मग त्यांनी विचारलं आणि मी तुमच्याबद्दल सांगितलं, चार पावलं लांब उभं राहणं, डोळे मिटणं, "उतरवा." लेक टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे मला हे आजोबांकडून आलं!" हेच वाक्य मी वीस वर्षं टाळत होतो, आणि ते तिच्या तोंडून एवढ्या आनंदात आलं. डॉक्टरनं पेला उचलला. "आजोबांच्या नाकाला!" सगळ्यांनी तुमच्या नावानं वाइन घेतली. मी पाण्याचा पेला उचलला. बायको माझ्याकडे बघत होती. तोच क्षण होता सांगायचा. मी केकचा तुकडा तोंडात घातला.

नंतर सगळे बाहेर कॉफी घेत बसले, आणि वाढप्याचं काम म्हणून पेले मी स्वैपाकघरात धुवायला घेतले. लेक तो कप घेऊन आत आली. "बाबा, आजोबा नक्की कशानं गेले? मळ्याच्या मेडिकल फॉर्मवर फॅमिली हिस्टरी लिहायची आहे. आई म्हणाली, बाबाला विचार." माझी तिच्याकडे पाठ होती. "हार्ट," मी म्हणालो. "ओह. सो यंग," ती म्हणाली, आणि माझ्या हातांवरूनच तो कप सिंकमध्ये ओतला.

शुक्रवारी तिला मळ्यावर सोडायला मीच जाणार आहे. दोन तासांचा रस्ता आहे. काल घरी येताना गाडीत बायको एवढंच बोलली, "फॉर्म खोटा भरला जातोय, अहो." आज सकाळी जपाला बसलो तर नाम पुढं सरकेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. हे देवघराच्या खालच्या खणात राहील. शुक्रवारी गाडीत सांगायचं तर सुरुवात तुमच्यापासून करून चालणार नाही. मेलेल्या माणसाच्या माथी सगळं मारून मी मोकळा होईन, आणि तिला ते लगेच कळेल. तिचं नाक तसं आहे. मला दुसरीकडून सुरुवात करावी लागेल. ती कप घेऊन आत यायच्या आधी मी सिंकपाशी एकटाच होतो. केकबरोबरच्या एका पेल्याच्या तळाशी काळा थेंब राहिला होता. लहानपणी काहिलीच्या कडेची काकवी चाटायचो तसं मी बोट घातलं. तीस वर्षं माळ गळ्यात आहे, तुमच्या तेराव्याला आईनं घालायला लावली ती. तुमची नात दिवसभर थुंकत होती, अण्णा. मी गिळलं, आणि मग दुसऱ्या पेल्यात बघितलं, थेंब राहिलाय का.