मागून आलेली हाक

३ जून
शॉट परत आला. पुन्हा! आमच्या ॲनिमेशन सिनेमातली यंत्रबाई रिकाम्या अंतराळयानात वर्षानुवर्षं एकटी. मागून हाक येते, ती वळते. बस्स, एवढंच. दिग्दर्शक म्हणाला, "वळते छान. पण हाक येणार हे तिला आधीच ठाऊक आहे." शनिवारपर्यंत जमलं नाही तर शॉट दुसऱ्याकडे. अख्ख्या सिनेमात माझा म्हणावा असा हा एकच!

४ जून
नेहमीची युक्ती. टेबलावर फोन उभा करून स्वतःचंच चित्रण करायचं आणि त्यावरून संगणकात यंत्रबाईला हलवायचं. हाकही मीच मारली, वळलेही मीच. शाळेच्या नाटकातलं झाड माझ्यापेक्षा बरं! मध्येच कुणाचा फोन आला तर चित्रण तुटतं, म्हणून फ्लाइट मोड लावला. येतोय कुणाचा म्हणा!

५ जून
शेजारच्या काकूंना विनवलं — दार नुसतं लोटलेलं असेल, कधीही या आणि मागून हाक मारा. आल्या. आधी दार वाजवलं! "असं न विचारता कसं शिरायचं गं?" कपाळाला हात लावला मी. चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर घर फारच गप्प झालं. एकटं वाटतंय. लिहूनच टाकते.

६ जून
आबा आले! मी भांडी विसळत होते, काकूंची वाट बघत. मागून "ठमे! ठमे!" वळले तर दारात माझे वडील. "फोन का लागत नाही तुझा? जीव टांगणीला लागला माझा!" फ्लाइट मोड काढायचाच राहून गेला होता, आणि मला पत्ताच नाही. ओल्या हातांनीच गळ्यात पडले. फोन चित्रण करतच होता!

७ जून
चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. पहिल्या हाकेला मी हललेच नाही. हाक आपल्याला असेल असं वाटलंच नव्हतं. दुसरीला हात थांबला. मग मान, मग खांदे, पाय सगळ्यात शेवटी. तसंच यंत्रबाईला दिलं.

शॉट पास!! उड्या मारत घरी आले. आबा जेवायचे थांबले होते. दिवसभर खुर्चीतच बसून होते म्हणे. दमले असतील प्रवासानं.

८ जून
आबा गावी परत गेले. सकाळी कामावरून बोलावणं आलं, मी आधी निघाले. "मी ठणठणीत आहे. काकू टॅक्सीत बसवून देतील. जा तू." आता भांडी घासतानाही कान मागेच असतात.

१० जून
पटकथेत यंत्रबाईच्या मागे कुणीच नसतं, तिला भास होतो. दिग्दर्शकानं आज ते बदललं. "अशी वळल्यावर मागे कुणीतरी हवंच. तोही तूच कर." एवढा आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता. हाक मारणारा तर माझ्या चित्रणात आयताच आहे.

११ जून
मागचा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. इतके दिवस त्या चित्रणात मी फक्त मलाच बघत होते. आबांचा उजवा पाय फरपटतोय. भिंतीला धरून आत येतात, थांबतात, धाप लागलीय. मग भिंतीवरचा हात काढतात, ताठ उभे राहतात, आणि मग हाक मारतात.

सुट्टी मागितली नाही, सांगितली. गावच्या गाडीत बसलेय. फोन चालू आहे.