अहवालात नसलेलं नाव

आप्पा, तुम्ही असतात तर हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. तुम्ही आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकवायचात. सातवीत शाळेच्या प्रदर्शनात मी पंपाचं मॉडेल मांडलं, ते तुमच्या एका विद्यार्थ्यानं लेथवर करून दिलेलं. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "केलं कोणी हे?" मी त्या विद्यार्थ्याचं नाव पुटपुटलो. "मग त्याचं नाव लिही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी तुमच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी इथं सिंगापुरात, तुआसच्या कारखान्यात एक मोठा पंप सारखा बंद पडायचा. आम्ही चार देशांतून आलेले इंजिनिअर लॅपटॉपमध्ये डोकं घालून महिनाभर बसलो. आमच्याकडे ठेकेदाराचा एक तमिळ फिटर होता, वर्क परमिटवर, बारा वर्षं त्याच आवारात. एका दुपारी तो मला बाजूला घेतो आणि म्हणतो, "पंप ओके, सर. पाइप हॉट, देन पुलिंग." तापलेला पाइप ताणतो आणि पंपाला जागचा हलवतो, एवढंच. त्यानं बोल्ट सैल केले, तर पाइप माझ्या डोळ्यांदेखत बाजूला सरकला.

अहवाल मी लिहिला. दोष कोणी शोधला, या रकान्यात माझं नाव घातलं. कोणी सांगितलं नव्हतं हो, मीच घातलं. माझा पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा, मी या देशाला काय दिलं हे दाखवायला, तोच अहवाल जोडला. पीआर मिळाला. लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, नाऊ कॅन रिलॅक्स लाह."

त्यानंतर ठेकेदार माणसं कमी करायला निघाला. यादी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, यातलं कोण हवंच आहे ते सांगा. त्या फिटरचं नाव घेतलं असतं तर तो का हवा, तेही सांगावं लागलं असतं. मी यादी तशीच परत केली. त्याचं परमिट संपलं. लाज वाटते आप्पा, फार लाज वाटते.

जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. "सर, यू टीच मी मेनी थिंग." मी मान डोलावली.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे. पण लिहितोय तुम्हाला, कारण तुमचं उत्तर येणार नाही.