चिखल्याच्या पंखाचे गुण

३ सप्टेंबर

शी! दोनदा आंघोळ केली तरी केसांना खाडीचा वास. जाळ्यात आज अठरा चिखल्या पक्षी. कुठून कुठून उडत येतात आणि इथे, या सडक्या गाळात, एकेक जुनं पीस टाकून नवं धरतात. किती नाजूक काम, आणि कुठे! आमचे मदतनीस काका पक्षी धरतात, मी पंख उलगडून गुण लिहिते — जुन्या पिसाला शून्य, पूर्ण वाढलेल्या नव्याला पाच. कुठलं पीस कधी गळतं, एवढ्यासाठी बारा वर्षं दिली मी.

५ सप्टेंबर

वहीत खाडाखोड! माझे पाच खोडून शून्य केलेत. मागची पानं चाळली — बावीस ठिकाणी. अक्षर काकांचं. किळस आली. माझ्यामागे, मनाला येतील ते आकडे!

६ सप्टेंबर

विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "ताई, पक्षी माझ्याच हातात असतो ना." वर हे!

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्हाला बोलायची सोय आहे का?" आणि जाळं धुवायला गेले. नंतर नेहमीसारखा चहा आणून ठेवला. ओतून टाकला मी.

९ सप्टेंबर

केंद्राच्या प्रमुख सरांना काकांविरुद्ध लेखी तक्रार दिली. दात कोरत म्हणाले, "बरं झालं. नाहीतरी म्हातारा जडच झाला होता." बारा वर्षं माझ्याबरोबर गाळ तुडवला त्या माणसाने! शिसारी आली सरांची. तक्रारीवर सही मात्र माझी. स्वतःचीही आली, थोडी.

१२ सप्टेंबर

काका केंद्राची किल्ली ठेवून कायमचे गेले. जाताना एवढंच — "जो कोण येईल त्याला सांगा, पक्षी आवळू नको. फार धडधडतं त्यांना." मी वहीतून वर पाहिलं नाही.

१५ सप्टेंबर

माणूस मिळेना, म्हणून पक्षी धरायला स्वतः सर. नाकाला रुमाल बांधून. सातव्या पिसाला मी पाच म्हणाले.

"पाच? अहो मॅडम, टोकाच्या चिंध्या झाल्यात! डोळे कुठे आहेत तुमचे?" हसले.

पक्षी त्यांच्याकडून घेतला. हात लांब केला. आणखी लांब, तेव्हा कुठे टोक स्पष्ट दिसलं.

शून्य.