करोल बागच्या गलाईवाल्याच्या ब्लॉगची डायरी

सोमवार, ६ ऑगस्ट २००७. दुपारी ३.
दिल्लीत सोमवारी मार्केटची सुट्टी. सायबर कॅफेत बसून ब्लॉग उघडला. नाव 'सोनेरी विचार'. जुनं सोनं गाळायच्या धंद्यात आमच्या विट्याकडची माणसं देशभर आहेत, पण ब्लॉग एकाचाही नाही. मी पहिला.
दसऱ्याला भाऊसाहेब मामा गुडगावात दुसरं दुकान उघडणार. तिथं कोण बसणार, मी की दिनकर, हे ठरायचंय. म्हणजे ठरल्यातच जमा. दिनकर भट्टीवर चांगला आहे, पण त्याला ईमेल म्हणजे काय ते माहीत नाही. मी नववीपर्यंत शिकलोय.
कॅफेवाल्याने चांगल्या ब्लॉगचे अकरा नियम वाचून दाखवले. तीन लक्षात राहिले. नियमित लिहा. माहीत आहे तेच लिहा. वाचकांना उत्तर द्या.
संकल्प: रोज एक पोस्ट.

सोमवार, १३ ऑगस्ट
रोज जमत नाही. भट्टी सोडून उठता येत नाही. आता दर सोमवारी एक, पण दर्जेदार.
हिंदीचं बटण दाबून मराठी टाइप करतो. त्यात ळ सापडत नाही. ळ टाळून 'जीवनात यश' यावर लिहिलं. व्हिजिटर ९. सगळे मीच नसणार.

सोमवार, २० ऑगस्ट
पोस्ट झाली नाही. मूड नव्हता. दिनकरला ब्लॉग दाखवला. म्हणाला, हे वाचून माणसानं करायचं काय? म्हटलं, प्रेरणा घ्यायची. म्हणाला, घेतली. आता चहा घेऊ.
असा माणूस गुडगावात चालणार नाही.

सोमवार, ३ सप्टेंबर
यशाबद्दल मला अजून फारसं माहीत नाही. सोन्याबद्दल आहे. म्हणून खरं तेच लिहिलं. एक सराफ बावीस कॅरटचा म्हणून हार आणतो, गाळल्यावर मुशीतून सतरा निघतं, आणि मग तो आमच्याकडे असा बघतो की मधलं पाच आम्हीच खाल्लं.
कोणाचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, किती निघाला हे दुसऱ्याला सांगायचं नाही, हा मामांचा पहिला नियम. सांगितलं नाहीच. फक्त लिहिलं. नावही दिलं नाही. कोपऱ्यावरचं दुकान, टक्कल, पांढरी स्कूटर, एवढंच. शिवाय मराठीत. इकडे कोणाला काय कळणार?

सोमवार, १७ सप्टेंबर
व्हिजिटर ६१. पहिली कमेंट! 'और लिखो भाई, मज़ा आया.' लगेच उत्तर दिलं: जरूर.
वाचकांच्या आग्रहाखातर आणखी तीन सराफ लिहिले. त्यातला एक जण टंच ऐकायच्या आधी डोळे मिटून देवाचं नाव घेतो. तरी अठराच निघतं.

सोमवार, १ ऑक्टोबर
व्हिजिटर ४१२. गल्लीतून गेलो की लोक बोलायचे थांबतात. याची सवय करून घ्यावी लागेल.

मंगळवार, २ ऑक्टोबर
सेठीजी आले. कोपऱ्यावरचे. हातात माझ्या पोस्टची प्रिंट. मामांसमोर सगळी मोठ्यानं वाचली, कुठंही अडखळले नाहीत. अक्षरं हिंदीचीच आहेत हे मला माहीत होतं, पण इतका अर्थ लागेल असं वाटलं नव्हतं.
म्हणाले, भाऊसाहेब, बीस साल से आँख बंद करके माल दिया आपको. मामा हात जोडून उभे. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
मी म्हटलं, मामा, मी खुलासा लिहितो. म्हणाले, विष्ण्या, तू आता कायबी लिहू नगंस.
रागात बोलले.

सोमवार, ८ ऑक्टोबर
चार सराफांनी माल पाठवायचं बंद केलं. भट्टी दोन दिवस थंड. गुडगावबद्दल मामा काही बोलत नाहीत. चांगलं लक्षण. नकार असता तर बोलले असते.
माफीची पोस्ट टाकली. पुन्हा गैरसमज नको म्हणून चौघांची नावं दुकानाच्या पत्त्यासकट स्पष्ट दिली.

सोमवार, १५ ऑक्टोबर
मामा स्वतः कॅफेत आले. चष्मा लावून पहिल्यापासून सगळं वाचलं. पाऊण तास. त्या देवाचं नाव घेणाऱ्या सराफापाशी खुदकन हसले, मग तोंडावरून हात फिरवला. म्हणाले, माणूस बरोब्बर उतरवलायस रं.
ब्लॉग इतकं मन लावून आजवर कोणी वाचला नव्हता. धीर करून विचारलं, मग गुडगाव?
म्हणाले, गुडगावात दिनकर बसंल. तुझं तिकीट सेलमचं काढलंय, यशवंतकाकाच्या दुकानात. तिकडं तमिळ चालतंय. काय लिहायचं ते लिही.
पण आधी हे समदं पुसून टाक, म्हणाले. मग डिलीट. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? मी म्हटलं, यावर जरा विचार करायला पाहिजे.
मामांनी विचारलं, कुठलं बटण?
दाखवलं.