डोस परत म्हणणारा माणूस गाडीत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णवाहिका सेवा, मुख्य कार्यालय.

विषय: पॅरामेडिकपदी एकटीने रुजू होण्यापूर्वीची विनंती.
संदर्भ: आपले बढतीचे पत्र व सोबतचा ड्युटी-तक्ता.

महोदय,

१. तंत्रज्ञ पदावरून पॅरामेडिक पदावर बढती दिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. सासूबाईंनी ते पत्र देवापुढे ठेवले आहे, त्यामुळे बढती नाकारण्याचा अर्ज मी लिहूनही फाडून टाकला. तरी मला भीती वाटते. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नसल्याने सरळच लिहीत आहे.

२. आपल्या गाड्यांवरची रीत आपणांस ठाऊक आहेच. पॅरामेडिकने औषध व डोस मोठ्याने सांगायचा, तंत्रज्ञाने तो तसाच परत म्हणायचा, मगच सुई टोचायची. कीर्तनात बुवांची ओळ मागचे उचलून धरतात, तशी मी आजवर वरिष्ठांची ओळ धरीत आले. एकदा थकलेल्या वरिष्ठांनी दहापट डोस सांगितला. मीही तो जसाच्या तसा परत म्हटला. मला काहीच वावगे वाटले नाही, पण माझ्या तोंडून ऐकताच त्यांचा हात जागीच थांबला. स्वतःच्या आवाजात त्यांना ती चूक ऐकू आली नव्हती.

३. नव्या तक्त्यानुसार टेकडीपलीकडच्या केंद्रावर गाडीत मी आणि चालकदादा, असे दोघेच आहोत. त्यांना विचारून पाहिले. ते म्हणाले, "ताई, मी वळणं बघू की तुमची औषधं घोकू? उद्या काही झालं तर साहेब म्हणतील, हाही म्हणाला होता." त्यांचे म्हणणे रास्त आहे.

४. प्रशिक्षणाच्या अखेरच्या फेरीत मधमाश्या चावलेला एक सुतार गाडीत होता. ओठ सुजलेले, श्वास अडकलेला. तंत्रज्ञाच्या जागी बसलेले परीक्षक मुद्दाम गप्प होते. "ॲड्रेनालिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीत," असे मी म्हटले आणि थांबले. कोणी काही म्हणेना. सुतार माझ्याकडे बघत होता, सिरिंज हातात होती आणि हात काही केल्या हलेना. शेवटी त्याची बायको रडत म्हणाली, "अर्धा, मांडीत. द्या ना हो बाई." तेव्हा हात हलला. सुतार वाचला. परीक्षकांनी 'शांतचित्त' असा शेरा दिला. ती शांतता नव्हती, महोदय.

५. तेव्हापासून घरात दिवा घालवतानाही मी "दिवा घालवते" असे म्हणून थांबते. यजमान बिचारे पांघरुणातून "दिवा घालव" म्हणतात. देव पाठीशी आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो डोस मोठ्याने म्हणत नाही.

६. सबब विनंती की, गाडीत दुसरा तंत्रज्ञ द्यावा. ते शक्य नसल्यास, परत म्हटल्याने कोणतीही जबाबदारी येत नाही असे चालकदादांना लेखी द्यावे. तेही शक्य नसल्यास रुग्णाच्या नातेवाइकाकडून, नातेवाईक नसल्यास खुद्द रुग्णाकडून, डोस वदवून घेण्याची परवानगी असावी. रुग्ण बेशुद्ध आणि एकटा असल्यास कोणाकडून वदवून घ्यावे, हे मला सुचलेले नाही. घोडे तिथेच अडते.

७. मी न आल्यास ते केंद्र बंदच राहील, आणि तिकडच्या माणसांना गाडी शहरातून येईपर्यंत वाट बघत बसावे लागेल, हे मी जाणते. म्हणून काहीही झाले तरी सोमवारी मी हजर होईन. निदान एवढे करावे: कंट्रोल रूममधल्या वायरलेसवर जे कोणी बसलेले असेल, त्यांनी माझे वाक्य मला परत ऐकवावे. औषधांची माहिती नसली तरी चालेल. माणसाचा आवाज पुरे.

८. टेकडीपलीकडे वायरलेस पुष्कळदा लागत नाही, असे चालकदादा सांगतात. पलीकडून आवाज आलाच नाही, तर सुई हातात धरून मी किती वेळ थांबायचे, तेवढे कृपया आपण लेखी कळवावे.

सोमवारच्या आत उत्तर मिळेल या आशेवर,

(सही)
तंत्रज्ञ, सोमवारपासून पॅरामेडिक

दिनांक: शनिवार