गोधडीतला वाकडा टाका

आई, हा कागद पाठकोरा आहे हे आधीच सांगते, म्हणजे चांगल्या कागदाची नासाडी केली असं तुम्हाला वाटायला नको. मागच्या बाजूला सोसायटीची पाणी कमी येणार असल्याची नोटीस आहे. तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. आता हेही गेले, तुमचा मुलगा. तुम्हाला तिथे ते कळलं असेल की नसेल, मला त्यातलं काही समजत नाही. लिहायला बसले ती त्यांच्या शर्टांमुळे. कपाटात हँगरला तसेच लटकले आहेत, कॉलर झिजलेले, पण धुतलेले. आमची मुलगी, तुमची नात, नेरूळहून फोन करते, "आई, देऊन टाक ना कुणाला, बघून बघून तुलाच त्रास होतो." कपाट उघडते आणि परत लावते. तुम्ही असतात तर सरळ कात्री मागितली असती. म्हणून तुमच्याशीच बोलावंसं वाटलं.

आपण गिरगावातली खोली सोडून वाशीला आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मामंजी त्याच्या थोडे आधी गेले, नवं घर त्यांनी पाहिलंच नाही. समोर नुसता मोकळा भराव, खाडीचा खारट वारा, भाजीसाठी केवढी तरी चाल. नळाला पाणी यायचं ते सकाळी घाईघाईनं येऊन जायचं. मला फ्लॅटचं कौतुक होतं. तुम्ही मात्र पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "नळ बारीक सोड गं. पाणी काय तुझ्या बापानं भरून ठेवलंय व्हय?" बापाचं नाव काढलंत म्हणून मी दिवसभर गाल फुगवून होते. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, सगळं एका बादलीत जमवून तुम्ही गॅलरीतल्या तेलाच्या डब्यांना घालायचात. त्यात कढीपत्ता, गवती चहा आणि एक मिरची, जिला मिरच्या कधी लागल्याच नाहीत. शेजारच्या बाई एकदा कठड्यावरून म्हणाल्या, "आजी, तुम्ही गाव सोडून आलात की गाव घेऊन आलात?" तुम्ही म्हणालात, "घेऊन आले. त्यातला कढीपत्ता हवा असला तर न्या." आणि त्या खरंच नेऊ लागल्या, रोजच.

वाण्याच्या पुड्यांचे कागद तुम्ही तळहाताने सपाट करून उशाखाली ठेवायचात. लाडू गुंडाळायला, डब्याच्या तळाला, काचा पुसायला. मी चौथीत शाळा सोडलेली. लग्नानंतर वाचायला घेतलं ते हेच कागद. दुपारी तुम्ही पाय पसरून बसलेल्या असता, मी डाळीच्या पुडीवरची गोष्ट मोठ्याने वाचते. एक मुलगी स्टेशनवर एकटी उतरते, तिच्या हातात कुणाची तरी बॅग असते, आणि तिथेच कागद फाटलेला.

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. कागद संपला."

"संपला म्हंजे? पोरीचं काय झालं?"

"मला काय माहीत, आई."

"मग उद्या त्याच वाण्याकडनं डाळ आण. आणि पाव किलोच आण, म्हंजे परवाबी जाता येईल."

त्या मुलीचं काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. आता माझ्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत, पण गोष्ट संपत आली की अजूनही वाटतं, इथे कागद फाटणार.

मला सांगायचं होतं ते त्या धोतरांचं. घर लागल्यावर तुम्ही मामंजींची ट्रंक उघडलीत. तेवढ्यात खालून भांडीवाली वर आली, डोक्यावर स्टीलची टोपली. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची ती. धोतरं पाहून तिनं नाक मुरडलं. "मावशी, धोतराला कोन विचारतो? ती शर्टाची जोडी टाका वर, मग हे पातेलं नेवा."

"शर्ट माझा मुलगा घालतोय अजून."

"मग जुन्या धोतरांचं काय लोनचं घालनार?"

"घालीन. तुला बरणी पाठवून देईन."

ती हसत खाली गेली. मी तिच्या टोपलीतल्या पातेल्याकडे बघत राहिले, चांगलं जाड बुडाचं होतं. आणि तुम्ही कात्री घेऊन धोतराला पहिला छेद दिलात, तेव्हा ते पातेलं मी विसरले. कात्री एकदाही थांबली नाही. मला ते फार कठोर वाटलं. नवऱ्याच्या अंगावरचं कापड, आणि ही बाई ते कोथिंबीर निवडावी तसं कापते आहे. तुम्ही माझं तोंड पाहिलं असावं. वर न बघता म्हणालात, "घडी घालून ठेवलं की कापड कुजतं. वापरात असलं की टिकतं."

बाहेरच्या खोलीत फरशीवर ती गोधडी पसरली. आत तुमच्या विरलेल्या दोन साड्या, वर धोतरं, कडेला माझ्या परकराची पट्टी. कडेपासून टाके घालत चौकोनात फिरत आत यायचं, दोघी दोन बाजूंनी, गुडघे सरकवत. मध्यावर पोचलं की तुमच्या घरची रीत, घरातल्या प्रत्येकाने एकेक टाका घालायचा, मगच दोरा तोडायचा. हे ऑफिसातून आले, बूटसुद्धा काढले नव्हते. "मला नाही जमत हे," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बापाचं पांघरूण आहे, बस खाली." ते बसले. सुई कशी धरायची तेच कळेना. एक टाका घातला, तो करंगळीएवढा लांब आणि तिरका. "हा काय टाका म्हणायचा का बैलगाडीची वाट?" तुम्ही म्हणालात. हे हसले आणि हसता हसता त्यांनी धोतरावर हात ठेवला, आणि तो हात काढलाच नाही. मग तुम्ही उठून आत गेलात. मला वाटलं चहा टाकायला गेलात, पण स्टोव्हचा आवाज काही आला नाही.

आई, परवा मी शर्ट कापले. तुमची ती गोधडी आता जागोजाग फाटली आहे. तुम्हीच शिकवलेलं, जुनी गोधडी टाकायची नाही, तीच आत घालून वर नवे कपडे लावायचे. नात आली होती मदतीला, तिच्या सोसायटीत आता पिशव्या शिवण्याचा, कचरा वेगळा करण्याचा वर्ग भरतो. "आजी हे सगळं फुकट शिकवायची," मी म्हटलं. "तेव्हा बोलणी खावी लागायची ना, तीच फी," ती म्हणाली. दोघींनी जुनी गोधडी फरशीवर अंथरली, वर शर्टांचे तुकडे मांडले. निळा चौकड्यांचा, पांढरा ऑफिसचा, तो खाकी, जो मला कधीच आवडला नाही. मी कात्री दोनदा खाली ठेवली, तुमच्यासारखं मला जमलं नाही, पण कापले.

टाके घालत मध्यावर आलो आणि मी थांबले. तिथे तो टाका आहे, तिरका, करंगळीएवढा, दोरा पिवळा पडलेला. त्यावर कापड लावलं की तो कायमचा आत जाणार. नात म्हणाली, "लाव की, आई, संपतच आलंय." मी नाही लावलं. तळहाताएवढी जागा मोकळी ठेवली, भोवतालच्या कडा आत दुमडून पक्क्या शिवल्या. तुम्ही पाहिलंत तर म्हणाल, खिडकी कसली ठेवलीस गोधडीला, थंडी शिरेल. शिरू दे.

नातीनं विचारलं, "इथे कापड कमी पडलं का?" मी हो म्हटलं.

कापड कमी पडलं नव्हतं, आई. एक शर्ट अजून कपाटात आहे, अर्ध्या बाह्यांचा, फिकट पिवळा. तो मी मोजायलाच घेतला नाही. वापरात असलं की टिकतं, हे मला मान्य आहे. म्हणून हा कागद घडी घालून त्याच शर्टाच्या खिशात ठेवते. खिसा तरी वापरात राहील.